द्रव स्फटिक प्रयुक्ती : प्रतिसादवेगाचा विकास

द्रव स्फटिक ही घन स्फटिक व सामान्य द्रव यांच्या मधली अवस्था आहे. तीत रेणू द्रवाप्रमाणे वाहू शकतात. तथापि त्यांचे लांबट अक्ष एका विशिष्ट दिशेला धरून राहतात. अशा द्रव्याचा पातळ थर दोन काचांमध्ये ठेवून व त्यावर विद्युत् दाब लावून प्रकाश अडविणाऱ्या वा पलीकडे जाऊ देणाऱ्या साधनांना द्रव स्फटिक प्रयुक्ती म्हणतात. मनगटी घड्याळे, परिकलक, संगणकांचे पडदे, दूरचित्रवाणी संच, प्रक्षेपक इत्यादींत त्यांचा उपयोग होतो. प्रयुक्तीला एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्यास व तेथून परत येण्यास लागणाऱ्या काळाला प्रतिसादकाल म्हणतात. घड्याळातील मिनिटाचा अंक बदलताना एक दशांश सेकंदाचा विलंब कोणाच्या ध्यानातही येत नाही. याउलट दर सेकंदाला ५० वा ६० चित्रे दाखविणाऱ्या दूरचित्रवाणीत प्रत्येक चित्राच्या वाट्याला फक्त १६ ते २० मिलिसेकंद (सहस्रांश सेकंद) येतात. प्रयुक्ती याहून मंद असल्यास आधीचे चित्र पुसले जाण्यापूर्वीच नवे चित्र उमटू लागते आणि धावत्या चेंडूमागे पुसट शेपूट दिसते.

या मंदपणाचे मूळ एका गोष्टीत आहे : विद्युत् क्षेत्र सामान्य द्रव स्फटिकाच्या रेणूंना वळवू शकते, परंतु त्यांना पूर्वस्थितीत परत आणू शकत नाही. या प्रयुक्तींच्या वेगवर्धनाचा इतिहास हा मुख्यतः रेणूंचा हा परतीचा प्रवास लवकर घडवून आणण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी : प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख राइनिट्सर यांना १८८८ मध्ये कोलेस्टेरिल बेंझोएट या संयुगाचे दोन वितळबिंदू असल्याचे आढळले. १४५·५° से. ला त्याचा गढूळ द्रव होई व १७८·५° से. ला तो एकदम स्वच्छ होई. थंड होताना त्यात निळसर रंगाची छटा उमटते, हेही त्यांनी नोंदविले होते. जर्मन भौतिकीविज्ञ ओटो लेमान यांनी सूक्ष्मदर्शकाने अशा द्रव्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. १९२२ मध्ये झॉर्झ फ्रीडेल या फ्रेंच शास्त्रज्ञांनी नेमॅटिक, स्मेक्टिक व कोलेस्टेरिक असे त्यांचे वर्गीकरण केले. नेमॅटिक प्रकारात रेणूंना केवळ समान दिशा असते, स्मेक्टिक प्रकारात ते थराथरांनी रचलेले असतात, तर कोलेस्टेरिक प्रकारात त्यांची दिशा मळसूत्राप्रमाणे फिरत जाते. लेनिनग्राड येथील फ्सेवोलोद फ्रेडेरिक्स व त्यांचे सहकारी यांनी १९२७ च्या सुमारास नेमॅटिक थरावर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम तपासला. क्षेत्र एका ठराविक मर्यादेपेक्षा कमी असताना रेणू मुळीच हलत नाहीत व ती ओलांडताच वळू लागतात, असे त्यांनी दाखविले. या उंबरठ्याच्या परिणामावरच पुढील सर्व नेमॅटिक प्रयुक्ती उभ्या आहेत.

मंदपणाचे कारण : काचांच्या आतील पृष्ठभागावर विशिष्ट लेप देऊन तो एका दिशेने घासला, म्हणजे त्याला लागून असलेले रेणू त्या दिशेत घट्ट बसतात. थराच्या मध्यभागातील रेणू विद्युत् क्षेत्रामुळे वळतात. क्षेत्र काढून घेतल्यावर मात्र काचेजवळच्या रेणूंचा स्थितिस्थापक ताण तेवढा त्यांना मागे खेचतो. हा ताण अतिशय क्षीण असतो आणि त्याला द्रव्याच्या श्यानतेचा (दाटपणामुळे होणाऱ्या अंतर्गत विरोधाचा) सतत सामना करावा लागतो. स्प्रिंग बसविलेले दार जोराने ढकलून हवे तितक्या लवकर उघडता येते. ते मिटते मात्र स्प्रिंगच्या बेताच्या जोरानेच. तसाच काहीसा प्रकार येथे घडतो.

एरिक जेकमन व पीटर रेन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये हे संबंध सुटसुटीत रूपात मांडले. परतीचा काल श्यानतेच्या व थराच्या जाडीच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि स्थितिस्थापकता स्थिरांकाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यात विद्युत् दाबाचा संबंधच येत नाही. नेहमीच्या मिश्रणांची मूल्ये घेऊन गणित केल्यास १० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = एक सहस्रांश मिलिमीटर) जाडीच्या थराचा परतीचा काल सुमारे १०० मिलिसेकंद येतो; ५ मायक्रोमीटर जाडीला तो २५, तर ३ मायक्रोमीटर जाडीला ९ मिलिसेकंद होतो. वळण्याचा काल मात्र दाब वाढवून कमी करता येतो. दाब उंबरठ्याच्या तिप्पट ठेवल्यास तो परतीच्या कालाच्या साधारण एक अष्टमांश भरतो. राखाडी छटांसाठी उंबरठ्याच्या जरा वरचाच दाब लावावा लागत असल्याने तेथे वळणे व परतणे या दोन्ही क्रिया रेंगाळतात. थंडीत श्यानता झपाट्याने वाढत असल्यामुळे गोठणबिंदूखालच्या तापमानात हीच प्रयुक्ती कित्येक पटींनी मंद होते. मोटारगाड्या व विमाने यांच्या दर्शकांना त्यासाठी तापकाची जोड द्यावी लागते.

प्रारंभीच्या प्रयुक्ती : अमेरिकेतील आर. सी. ए. कंपनीच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत रिचर्ड विल्यम्स यांना १९६२ मध्ये तापविलेल्या नेमॅटिक द्रव्यावर विद्युत् दाब लावताच त्यात पट्टे उमटताना दिसले. तेथेच जॉर्ज हाइलमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गतिक प्रकीर्णनाची (द्रव्यात खळबळ माजवून प्रकाश विखुरण्याची) पद्धत विकसित केली. कंपनीने ती मे १९६८ मध्ये जाहीर केली. भिंतीवर टांगता येईल असा चपटा दूरचित्रवाणी संच बनविणे हे या संशोधनाचे उद्दिष्ट होते. परंतु या पद्धतीत प्रवाह खर्च होई, द्रव्य लवकर बिघडे आणि खळबळ शमण्यास ती माजण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागे.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे होफमान-ला रोश या कंपनीत वोल्फगांग हेल्फ्रिख व मार्टिन शाट यांनी डिसेंबर १९७० मध्ये पिळदार नेमॅटिक प्रयुक्तीचे एकस्व (पेटंट) मागितले. अमेरिकेत जेम्स फर्गासन यांनी एप्रिल १९७१ मध्ये तशीच मागणी नोंदविली. या रचनेत दोन काचांवरील रेणूंच्या दिशा परस्परांशी काटकोनात असतात व मधल्या थराला ९०° चा पीळ बसतो. ध्रुवित प्रकाश या पिळाबरोबर वळून दुसऱ्या ध्रुवकातून (ठराविक दिशेत कंप पावणारा प्रकाशच जाऊ देणाऱ्या पटलातून) बाहेर पडतो. दाब लावताच रेणू काचेला काटकोनात उभे राहतात, पीळ नाहीसा होतो आणि प्रकाश अडतो. काही व्होल्ट दाब व नगण्य शक्ती पुरत असल्याने ही प्रयुक्ती घड्याळांत व परिकलकांत सर्वत्र रूढ झाली.

तिला योग्य असे टिकाऊ द्रव्य इंग्लंडमधील हल विद्यापीठातील जॉर्ज ग्रे व त्यांचे सहकारी यांनी १९७२–७३ मध्ये उपलब्ध करून दिले. त्यांनी बनविलेल्या सायनोबायफिनिल वर्गातील एक संयुग सुमारे २४° ते ३५° से. या तापमानांमध्ये नेमॅटिक राहते. अशा अनेक संयुगांची मिश्रणे करून ही मर्यादा गोठणबिंदूच्या खालपासून सुमारे ६०° से. पर्यंत वाढविण्यात आली. त्या वेळच्या थरांची जाडी मात्र १० मायक्रोमीटरच्या आसपास असे. त्यामुळे प्रतिसादकाल शंभर मिलिसेकंदांच्या घरात राहिला. अंकदर्शकाला तो पुरेसा होता, चलच्चित्राला नव्हता.

थराची जाडी व द्रव्याची श्यानता : परतीचा काल जाडीच्या वर्गावर अवलंबून असल्याने थर पातळ करणे हा सर्वांत सरळ उपाय होय. त्यालाही मर्यादा आहेत. पिळदार थरातून प्रकाश नीट वळावा यासाठी द्रव्याच्या दोन प्रणमनांकांतील फरक व जाडी यांचा गुणाकार ठराविक असावा लागतो; दृश्य प्रकाशासाठी तो सुमारे अर्धा मायक्रोमीटर येतो. जाडी निम्मी करावयाची तर प्रणमनांकांतील फरक दुप्पट असलेले द्रव्य हवे, आणि असे द्रव्य बहुधा अधिक श्यान असते. शिवाय ३ मायक्रोमीटरच्या फटीत धुळीचा कणही दोष निर्माण करतो व मोठ्या काचेवर ती फट सर्वत्र सारखी राखणे अवघड असते. निर्मळ कारखाने व सारख्या आकाराचे सूक्ष्म अंतरके यांमुळे हे हळूहळू साध्य झाले. पुढे फ्ल्युओरिनयुक्त संयुगांमुळे श्यानता बरीच उतरली. विद्युत् भार टिकवून धरण्याचा त्यांचा गुण ट्रँझिस्टरयुक्त पडद्यांना विशेष उपयोगी ठरला.

अनपेक्षित अडचणीही पुढे आल्या. दाब काढल्यावर रेणू सरळ मागे न फिरता क्षणभर उलट बाजूला झुकतात व पडद्यातून येणारा प्रकाश मध्येच डचमळतो, असे दिसून आले. वळणाऱ्या रेणूंमुळे द्रव्यातच प्रवाह उत्पन्न होतो व तो मध्यभागातील रेणूंना चुकीच्या दिशेने ढकलतो, असे याचे स्पष्टीकरण सी. झेड्. फान डोर्न व डी. डब्ल्यू. बेरेमन यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे दिले. हा प्रवाह शत्रू न राहता मित्र व्हावा, अशी रचना अमेरिकेतील फिलिप बॉस व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये केली. तीत दोन्ही काचांवरील रेणूंचा कल असा ठेवतात की, थर धनुष्यासारखा वाकतो व त्याच्या दोन अर्धांतील प्रवाह रेणूंच्या परतीला अडथळा आणत नाहीत. त्यामुळे काही मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळू लागला.

विद्युत् क्षेत्रानेच रेणूंना परत आणण्याचा एक मार्ग १९७० नंतरच्या दशकात पुढे आला. काही मिश्रणांतील रेणू कमी कंप्रतेच्या (दर सेकंदास कमी आवर्तने असलेल्या) दाबाला क्षेत्राच्या दिशेत, तर उच्च कंप्रतेच्या दाबाला तिच्याशी काटकोनात वळतात. दोन कंप्रता आलटून-पालटून लावल्यास दोन्ही क्रिया सक्तीने होतात. परंतु जिच्यापाशी हा बदल घडतो ती कंप्रता तापमानाबरोबर फार बदलते. दाबही जास्त लागतो. त्यामुळे ही पद्धत विशेष कामांपुरतीच राहिली.

ओळी व स्तंभ यांचा प्रश्न : चित्रासाठी हजारो बिंदू लागतात. प्रत्येकाला स्वतंत्र तार जोडणे शक्य नसल्याने ओळी व स्तंभ यांचे जाळे वापरतात आणि एकेका ओळीला क्रमाने दाब देतात. ओळी वाढतात तसा प्रकाशित व अप्रकाशित बिंदूंवरील परिणामी दाबांतील फरक घटत जातो, हे पॉल आल्ट व पीटर प्लेश्को यांनी १९७४ मध्ये गणिताने दाखविले. यावर उपाय म्हणून १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात टेरी शेफर व युर्गेन नेरिंग यांनी स्वित्झर्लंडमध्ये थराचा पीळ २७०° पर्यंत वाढविला. अशा अतिपिळदार थराने सुवाह्य संगणकांचे पहिले मोठे पडदे शक्य झाले, परंतु ते फार मंद होते व पडद्यावर हलणारी खूण मधूनमधून दिसेनाशी होई.

हे पडदे वेगवान करू जाता एक विसंगती पुढे आली. प्रत्येक ओळीला एक तीव्र पण क्षणिक स्पंद मिळतो आणि पुढच्या फेरीपर्यंत तिच्यावर क्षीण दाबच राहतो. मंद रेणू या सर्वांची सरासरी तेवढी जाणतात. वेगवान रेणू मात्र दोन स्पंदांच्या मधल्या काळात परतू लागतात, त्यामुळे चित्रातील काळे-पांढरे फिके पडते. येथे वेग हाच दोष ठरला. बंगलोर येथील रामन संशोधन संस्थेतील टी. एन. रुक्मांगदन यांनी १९८८ मध्ये अनेक ओळी एकाच वेळी निवडण्याची व्यापक पद्धती मांडली. तीत एक मोठा स्पंद देण्याऐवजी तोच परिणाम साऱ्या फेरीभर लहान लहान स्पंदांत वाटला जातो, आणि वेगवान द्रव्य वापरूनही चित्र फिके पडत नाही. १९९० नंतरच्या दशकात या तत्त्वावरील पद्धती अतिपिळदार पडद्यांसाठी वापरात आल्या.

दुसरा मार्ग प्रत्येक बिंदूपाशी एक ट्रँझिस्टर बसविण्याचा होता. पीटर ब्रोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये अमेरिकेत अशा पडद्याचे प्रात्यक्षिक केले. डंडी विद्यापीठातील वॉल्टर स्पिअर, पीटर लकोंबर व सहकारी यांनी १९७९ मध्ये अस्फटिकी सिलिकॉनाचा पातळ पटल ट्रँझिस्टर तयार केल्यावर हा मार्ग व्यवहार्य झाला. जपानमधील शार्प कंपनीने १९८८ मध्ये १४ इंची रंगीत पडदा दाखविला. यात बिंदू पुढच्या फेरीपर्यंत विद्युत् भार धरून ठेवतो. मात्र रेणू वळू लागताच बिंदूची धारिता बदलते व साठविलेला दाब अपेक्षेपेक्षा उतरतो. परिणामी नवी छटा पूर्णपणे उमटण्यास एकाहून अधिक फेऱ्या लागतात. म्हणून पुढील छटेसाठी लागणाऱ्या दाबापेक्षा प्रथम क्षणभर अधिक (वा कमी) दाब देण्याची पद्धत रूढ झाली. त्यासाठी आधीचे चित्र स्मृतिमंडलात साठवून नव्या चित्राशी बिंदूगणिक ताडून पाहावे लागते. स्मृतिमंडले स्वस्त झाल्यावरच ती सर्वत्र पसरली.

फेरोविद्युत् द्रव स्फटिक : परतीचा प्रश्न मुळातूनच सोडविणारी द्रव्ये स्मेक्टिक वर्गात सापडली. ज्यांचे आरशातील प्रतिबिंब मूळ आकाराशी जुळत नाही असे रेणू थरांत तिरपे रचले, तर त्यांना कायमचे विद्युत् ध्रुवण असलेच पाहिजे, असा केवळ सममितीवर आधारलेला युक्तिवाद अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट मेयर यांनी १९७४ मध्ये केला. पॅरिसजवळील ओर्से येथील रसायनशास्त्रज्ञांनी तसे संयुग बनविले आणि १९७५ मध्ये हे भाकीत खरे ठरल्याचे प्रसिद्ध झाले. कोलोरॅडो विद्यापीठातील नोएल क्लार्क व स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील स्वेन लागरवाल यांनी १९८० मध्ये हे द्रव्य एक-दोन मायक्रोमीटरच्या फटीत बसवून त्याचे मळसूत्र उलगडले. अशा थरात धन दाबाने रेणू एका बाजूस व ऋण दाबाने दुसऱ्या बाजूस वळतात. दोन्ही प्रवास विद्युत् क्षेत्राच्या जोरावर होत असल्याने ते मायक्रोसेकंदांत (एक दशलक्षांश सेकंदाच्या मापात) पुरे होतात. दाब काढल्यावर रेणू आहे त्या स्थितीत राहतात, म्हणजे चित्र आपोआप टिकते.

नेमॅटिक पडद्यांपेक्षा सहस्रपट वेग असूनही ही द्रव्ये बाजार जिंकू शकली नाहीत. त्यांचे थर सरळ न राहता मध्ये कोन करून मुडपतात, असे १९८७ मध्ये क्ष-किरणांनी दिसून आले. त्यातून चित्रात वेड्यावाकड्या दोषरेषा उमटतात. बोटाच्या दाबाने किंवा आघाताने विस्कटलेली रचना पुन्हा जुळत नाही. दोनच स्थिर अवस्था असल्याने राखाडी छटा देणेही अवघड जाते. कॅनन या जपानी कंपनीने दीर्घ परिश्रमांनंतर १९९० नंतरच्या दशकात असे १५ इंची पडदे विक्रीस आणले, परंतु ते फार काळ टिकले नाहीत. सिलिकॉनाच्या चकतीवरील अगदी लहान पडद्यांत मात्र हे द्रव्य यशस्वी झाले. टोकिओ येथे १९८८–८९ मध्ये ए. डी. एल. चांदनी, आत्सुओ फुकुदा, हिदेओ ताकेझोए व सहकारी यांना तीन स्थिर अवस्था असलेला प्रतिफेरोविद्युत् प्रकारही आढळला.

नील प्रावस्था : राइनिट्सर यांना दिसलेला निळसर रंग कोलेस्टेरिक अवस्थेच्या वरच्या सीमेवरील एका निराळ्या प्रावस्थेचा होता, हे पुष्कळ नंतर स्पष्ट झाले. तीत रेणू दुहेरी पिळाच्या दंडगोलांत रचलेले असतात. ही रचना प्रकाशाच्या तरंगलांबीएवढ्या लहान मापाची असल्याने रेणूंना परतण्यास एक मिलिसेकंदही लागत नाही. परंतु ही प्रावस्था एक-दोन अंशांच्या पट्ट्यातच टिके. जपानमधील हिरोत्सुगू किकुची व सहकारी यांनी २००२ मध्ये तिच्यात बहुवारिकाचे (पॉलिमराचे) जाळे विणून हा पट्टा ६० अंशांहून अधिक केला. २००८ मध्ये सॅमसंग या कोरियन कंपनीने अशा पडद्याचा नमुना प्रदर्शित केला. तथापि लागणारा मोठा दाब व दाब काढल्यावर मागे राहणारी पुसट छटा यांमुळे तो घरोघरी पोहोचला नाही.

वेग व दृष्टी : २००७–०८ च्या सुमारास द्रव स्फटिक दूरचित्रवाणी संचांची जगातील विक्री चित्रनलिकेच्या संचांहून अधिक झाली. याच काळात असे ध्यानात आले की, रेणू क्षणार्धात वळले तरी चित्र पूर्णपणे स्वच्छ होत नाही. चित्रनलिकेतील बिंदू क्षणभर चमकून विझतो, तर द्रव स्फटिकाचे चित्र पुढील चित्र येईपर्यंत तसेच राहते. हलत्या वस्तूमागे जाणाऱ्या डोळ्याला हे स्थिर चित्र पसरल्यासारखे दिसते. यावर दर सेकंदाला १२० वा अधिक चित्रे दाखविणे आणि पडद्यामागचा दिवा मधूनमधून विझविणे असे उपाय योजण्यात आले. दिवा विझलेला असताना रेणूंनी आपला प्रवास संपवावयाचा असतो. त्यामुळे रेणूंच्या वेगाचे महत्त्व कमी न होता वाढले.

प्रत्येक उपयोगाला दोन्ही बाजूंनी वेग लागतो असे नाही. वितळजोडकाम करणाऱ्या कामगाराच्या मुखवट्यातील काच ठिणगी पडताच एक मिलिसेकंदाच्या आत काळी झाली पाहिजे, नाहीतर डोळ्याला इजा होते. ठिणगी विझल्यावर तिने सावकाश उजळले तरी चालते. येथे दाबाने होणारी जलद क्रिया डोळ्याचे रक्षण करते व मंद परतीने काही बिघडत नाही.

कार्बनी प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ मायक्रोसेकंदांत प्रतिसाद देत असल्याने अनेक भ्रमणध्वनींत व दूरचित्रवाणी संचांत त्यांनी द्रव स्फटिकांची जागा घेतली आहे. तरीही मोठ्या पडद्यांत नेमॅटिक द्रव स्फटिकांचा वापर विस्तृत आहे. अधिक वेगवान असे प्रतिस्पर्धी एकामागून एक पुढे आले, पण नेमॅटिक द्रव्य आघाताने विस्कटले तरी आपोआप पूर्ववत होते, सर्व छटा देते आणि स्वस्तात मोठ्या काचेवर पसरता येते. रेणूंना परत आणणारा त्यातील क्षीण ताण हा जसा त्याच्या मंदपणाचा, तसाच त्याच्या भरवशाचाही आधार आहे. शंभर मिलिसेकंदांपासून काही मिलिसेकंदांपर्यंतची त्याची प्रगती कोणा एका शोधाने झालेली नाही. पातळ थर, कमी श्यान द्रव्ये, दाब देण्याच्या नव्या पद्धती व प्रकाशयोजना यांनी ती मिळून घडविली आहे.